काकड्याचा रिषभ

बी. ए. ला मी संगीत विषय घेतला तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही, कारण विषय घेणे म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. बाबा गावच्या भजनी मंडळात गातात, अक्षरओळख सहीपुरती.

ग्रंथालयात पंडित भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मिळाली आणि मला जणू निवाड्याचे पुस्तकच सापडले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य. सारे कसे स्वच्छ! (परीक्षेत मार्कही त्याप्रमाणेच मिळतात.)

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. कार्तिकाचा काकडा चालू होता. बाबांनी भैरवाच्या वळणाची चाल धरली आणि त्यांचा कोमल रिषभ हलत राहिला. मी सगळ्या मंडळींसमोर म्हणाले, "बाबा, तुमचा रे स्थिर नाही. पुस्तकात असा नाही."

दुसऱ्या पहाटे बाबांनी नुसते टाळ वाजवले.

अकोल्याला परतल्यावर सरांना हे मोठ्या तोऱ्यात सांगितले. ते हसले नाहीत. तंबोरा घेऊन त्यांनी भैरवाचा रिषभ लावला. तोही झुलत होता! "याला आंदोलन म्हणतात. ते रेघेत मावत नाही, गळ्यावरून घ्यावे लागते."

मग भातखंड्यांविषयी वाचले. जन्म १८६० चा, पेशा वकिलीचा. गावोगाव हिंडून, उस्तादांची मने राखून त्यांनी चिजा मिळवल्या, लिहिल्या, छापल्या. म्हणजे ज्या पुस्तकाच्या जोरावर मी बाबांना गप्प केले, ते गाणाऱ्यांच्या गळ्यांवरूनच उतरले होते. लिहिले नसते तर कितीतरी चिजा गेल्या असत्या, हेही तितकेच खरे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मराठीच्या तासाला शिकलो आहोत. पण नाथांपुढे पोथ्या होत्या. माझ्यापुढे बाबा, आणि ते एकच चाल दोन दिवस दोन तऱ्हांनी गातात. शुद्ध पाठ कोणता धरावा?

संक्रांतीला वही घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"काहून वं बाई, आता बराबर झालं का माह्यं?"

माफी मागायची होती, ती काही जमली नाही. "गा ना," एवढेच म्हणाले. बाबा दोनदा गायले. मी दोन्ही तऱ्हा उतरवल्या, रिषभाखाली रेघ दिली आणि समासात 'हलता' असे लिहिले. बाबांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"याच्यात मी दम कोठी घेतो?"

त्याची खूण नव्हती. मी त्यांना पुन्हा गायला सांगितले.