'नंतर करू'ची फाईल

परवाच्या शनिवारी रात्रभर जागलो. पार्टी नाही, पिक्चर नाही, डेटाबेसचं अपग्रेड! घरी सांगितलं की आई म्हणते, "तुमचं ते काँप्युटर दिवसा नाही का रे दुरुस्त होत?" आता तिला काय सांगणार? दिवसा लोक वापरत असतात गं, म्हणून रात्री.

आमच्याकडे कॅसँड्रा आहे. फेसबुकमध्ये जन्मलेला आणि २००८ साली सगळ्यांसाठी खुला झालेला हा डेटाबेस. एकाच मोठ्या मशीनवर भार न टाकता डेटा अनेक मशीन्सवर, म्हणजे नोड्सवर वाटून ठेवायचा, आणि प्रत्येक नोंदीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, ही त्याची पद्धत. आमचे १२ नोड आहेत आणि प्रती तीन. त्यामुळे एक नोड बंद केला तरी उरलेल्या दोन प्रतींवर काम चालू राहतं. अपग्रेडही असंच करायचं, एकेक नोड खाली घेऊन. ग्रीक पुराणातली कॅसँड्रा भविष्य अगदी खरं सांगायची, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा तिला शाप होता. हे नाव किती योग्य आहे ते त्या रात्री कळलं.

कॅसँड्रा एकदा लिहिलेली फाईल पुन्हा खोडत नाही. दुधवाल्याच्या हिशोबाच्या वहीसारखं समजा. चूक झाली तर जुनी ओळ तशीच राहते आणि खाली नवी ओळ येते. मग अधूनमधून साधारण सारख्या आकाराच्या चार-पाच फायली एकत्र करून एक नवी, नेटकी फाईल बनते. याला कॉम्पॅक्शन म्हणतात. गंमत अशी की एखादी फाईल अवाढव्य झाली, की तिच्या मापाच्या आणखी तीन मिळेपर्यंत ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. लग्नात जोडीदार न मिळालेल्या उंच माणसासारखी :-)

रात्री बाराला पहिला नोड घेतला. स्नॅपशॉट काढला, ड्रेन केला, ३.११ बंद केलं, ४.१ टाकलं आणि सुरू केलं. सुरू होईना. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं, की वाचता न येणाऱ्या फायली सापडल्या आहेत, मधल्या आवृत्तीवर त्या रूपांतरित केल्या होत्या का ते तपासा.

प्रत्येक फाईलच्या नावात दोन अक्षरी खूण असते. २.१ च्या फायलींवर 'केए', ३.११ च्या शेवटच्या आवृत्त्यांत 'एमई', ४ मध्ये 'एनबी'. ३.११ ला 'केए' वाचता येतं, ४ ला येत नाही. आणि आमच्या डिस्कवर ३१० जीबीची एक 'केए' फाईल आरामात बसली होती.

२०१८ साली कुणीतरी क्लस्टर २.१ वरून ३.११ वर नेला. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नेल्यावर प्रत्येक नोडवर 'अपग्रेडएसएसटेबल्स' नावाची कमांड चालवायची असते, म्हणजे जुन्या फायली नव्या रूपात लिहून निघतात. ती चालवली नव्हती. न चालवताही सगळं छान चालत होतं ना! कामाच्या नोंदीत शेवटची ओळ होती, "फायलींचं नंतर करू." 'नंतर' सात वर्षांनी, माझ्या शिफ्टला आलं.

नशीब, की ४.१ अजून काही लिहायच्या आतच थांबलं होतं. त्यामुळे ३.११ परत टाकून नोड उभा करता आला. एकदा 'एनबी' फायली लिहिल्या गेल्या असत्या तर परतीचा रस्ता बंद. आता तिथेच रूपांतर करायचं म्हटलं तर जागा लागते, कारण नवी फाईल पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी जाते. डिस्क एक टीबीची, रिकामी फक्त २२० जीबी.

मग दिसला २०१८ चाच एक जुना स्नॅपशॉट. त्याने एकट्याने अडवलेली जागा १९० जीबी.

"उडव ना यार," माझा सहकारी म्हणाला. "सात वर्षांत कुणी विचारलंय का?"

पहाटेचे तीन वाजले होते. कमांड टाईप झाली होती, 'क्लिअरस्नॅपशॉट'. ३.११ मध्ये हिला नाव दिलं नाही तर ती सगळेच स्नॅपशॉट उडवते. बोट एंटरवर होतं. पण का कोण जाणे, लीडला फोन लावला. ती झोपेतच होती. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाली, "थांब. २०१६-१७ च्या पावत्या आपण मूळ टेबलातून काढल्या होत्या. त्यावर एक वाद अजून चालू आहे. त्या आणखी कुठे आहेत?"

कुठेच नव्हत्या.

अपग्रेड रद्द केलं. पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही तो स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर नेला, तिथे ३.११ च्याच 'एसएसटेबलअपग्रेड'ने रूपांतर केलं, पावत्या उघडून पाहिल्या आणि मगच मूळ जागेवरून नाव घेऊन काढला. प्रत्येक नोडवर तेच. लक्षात घ्या, 'अपग्रेडएसएसटेबल्स' स्नॅपशॉटना हात लावत नाही आणि नवी आवृत्ती सुरू होताना त्यांच्याकडे बघतही नाही. म्हणजे आम्ही फक्त ती मोठी फाईल निस्तरून पुढे गेलो असतो, तर सगळं हिरवं दिसलं असतं. पावत्या डिस्कवर असत्या, फक्त वाचणारं कुणी नसतं.

हे बाबांना फोनवर सांगत होतो, तर ते हसले. आमच्या गावच्या घरात पणजोबांची ट्रंक आहे, मोडीतल्या कागदांनी भरलेली. मोडी वाचणारे शेजारचे गुरुजी बाबांच्या लहानपणी रोज ओट्यावर बसायचे. "वाचून घेऊ कधीतरी," असं आजोबा म्हणायचे. गुरुजी गेले. पुढे बांधावरून चुलतभावांशी वाद झाला, तेव्हा ट्रंकेत काय आहे हे आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. शेवटी तडजोड केली, कागद न वाचताच.

कॅसँड्राची ५.० आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली आणि ३.११ ची देखभाल थांबली. म्हणजे आमचेही गुरुजी ओट्यावरून उठलेच होते, फक्त अजून हाकेच्या अंतरावर होते.

तिसऱ्या शनिवारी बाराही नोड ४.१ वर गेले. या वेळी 'अपग्रेडएसएसटेबल्स' लगेच चालवलं, आणि कामाच्या नोंदीत कुठेही 'नंतर' हा शब्द येऊ दिला नाही.

आणि हो, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी माणसं भेटतात. दिवाळीला गावी जातोय. येताना ट्रंक आणणार आहे.