वँड्सवर्थ पुलापलीकडचं टॅक्सीचं दुकान

वँड्सवर्थ पूल ओलांडून आम्ही फुलमच्या बाजूला आलो. कार्नवॉथ रस्त्यावर टॅक्सीवाल्याने गाडी मागेपुढे न करता एकाच वळणात फिरवली. लंडनची टॅक्सी 25 फुटांच्या घेरात वळलीच पाहिजे, हा नियम 1906 सालचा. आजच्या विजेवरच्या टॅक्सीलाही त्यातून सूट नाही.

मी आलो होतो मॅन अँड ओव्हरटन या दुकानाच्या ओढीने. उत्तरकाळात त्याचा कारभार या रस्त्यावरून चाले. आता तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी थेम्सचा ओला वारा अंगावर घेत मी बराच वेळ थांबलो. आपली काळी-पिवळी पद्मिनी ही घरगुती मोटार, रंग देऊन टॅक्सी झालेली. लंडनची टॅक्सी मात्र टॅक्सी म्हणूनच जन्माला येते, आणि तिला घडवण्यात या विक्रेत्यांचा वाटा कारखान्याइतकाच मोठा आहे.

पहिल्या महायुद्धाआधी ते युनिक या फ्रेंच टॅक्सी आणून विकत. युद्धानंतर आयात करामुळे त्या महाग पडू लागल्या. पुढे 1928 मध्ये नियम थोडे सैल होताच त्यांनी ऑस्टिन कंपनीकडे टॅक्सीची मागणी लावून धरली, आणि 1930 पासून लंडनच्या रस्त्यांवर ऑस्टिन टॅक्सी धावू लागल्या. 1948 ची एफएक्स-3 तर तिघांची: सांगाडा ऑस्टिनचा, वरची बॉडी कॉव्हेन्ट्रीच्या कारबॉडीजची, आणि खर्चात वाटा या दुकानाचाही. चालकाशेजारी आसनच नाही, तिथे सामानाची उघडी जागा. दहा वर्षांनी आलेल्या एफएक्स-4 मध्ये तिथे दार बसलं. तीच ती जगाला ठाऊक असलेली काळी टॅक्सी. 1997 पर्यंत ती बनत राहिली.

गाडी इतकी खास, तर किंमतही भारी. म्हणून दुकान हप्त्यांवर गाड्या देई. मला वाटतं, यात त्यांचं सर्वांत मोठं काम आहे. भाड्याची टॅक्सी चालवणारा माणूस त्यामुळे ‘मशर’ होऊ शकला. मशर म्हणजे स्वतःच्या गाडीचा मालक-चालक.

माझ्या टॅक्सीवाल्याचे वडील असेच मशर. नवी गाडी घरी आणली त्या संध्याकाळी त्यांनी शेजारच्या सगळ्या पोरांना फेरी मारून आणली होती, असं तो सांगत होता. त्या पोरांत तोही होता, पुढे वडिलांच्या पायाशी बसलेला.