गंगथडीचे गोटे आणि ‘मूळ’ माणसांचा प्रश्न

धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आणि चारठाण्याची मंदिरे यांच्यामुळे परभणी जिल्ह्याचा वारसा म्हणजे दगडी देवळे, असे समीकरण रूढ झाले आहे. या मध्ययुगीन वास्तूंचे मोल मोठेच आहे, परंतु त्यांच्याहून कितीतरी जुना पुरावा गोदावरीच्या, म्हणजे गंगथडीच्या बोलीतल्या ‘गंगे’च्या, दरडींत उघड्यावर पडून आहे. ‘या खोऱ्याची मूळ माणसे कोण?’ या प्रश्नाचा विचार त्या दरडींपासूनच सुरू करावा लागतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक, कॅल्सिडनी, जॅस्पर असे काचेसारखे फुटणारे खडे तयार झाले, नदीने ते सुटे करून पात्रात आणले आणि अश्मयुगीन माणसाने त्यांची हत्यारे घडवली. गोट्यावर योग्य कोनात आघात केला की जो पातळ, धारदार कपचा सुटतो त्याला पुरातत्त्वात छिलका म्हणतात, आणि आघातबिंदूच्या खाली त्यावर उमटलेला फुगवटा माणसाचा हात ओळखण्याची एक महत्त्वाची खूण असतो. असा अकीकाचा छिलका १८६० च्या दशकात वाइन या भूवैज्ञानिकांना पैठणजवळ मुंगी येथे नदीच्या गाळात मिळाला. पुढे १९५४ पासून ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला उत्खनन केले आणि तेथील तासण्यांचा, म्हणजे कातडे वा लाकूड खरवडण्याच्या हत्यारांचा, समूह नेवासा याच नावाने अभ्यासकांत ओळखला जाऊ लागला. परभणी जिल्ह्यात धनगर टाकळीच्या परिसरातील गाळातून प्लाइस्टोसीन काळातल्या, म्हणजे सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलेल्या हिमयुगीन कालखंडातल्या, प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत.

थरातून सुटून आलेला एकटा छिलका मात्र फार थोडे सांगतो. तो गोट्यांच्या थरात होता की त्यावरच्या पिवळट गाळात, शेजारी हाड होते का, चुनखडीचे खडे कोणत्या पातळीवर होते, यावरून त्याचे वय आणि त्या वेळचे हवामान ठरते. म्हणून वाळूघाटावर यंत्राने पात्र उपसले जाते तेव्हा हत्यार कदाचित शिल्लक राहते, पण त्याचा काळ कायमचा नाहीसा होतो. जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे राख, शेण आणि मातीच्या भिंती मिसळून बनलेली फिकट माती, शेतात टाकण्यासाठी नेली जाते तेव्हाही हेच घडते.

‘मूळ माणसे’ म्हटले की दुसरा विषय निघतो तो आंध जमातीचा. ही अनुसूचित जमात मुख्यतः पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगराळ भागात राहते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आंध वस्तीचा कळमनुरी-औंढ्याकडील मोठा भाग परभणीतून त्यात गेला. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या जमातीचे नाव आंध्रांशी जोडले गेले, आणि पुराणे सातवाहनांना आंध्र म्हणतात एवढ्या आधारावर पुढे आंध हे सातवाहनांचे वंशज ठरवले गेले. ‘आंध्र’चे प्राकृतात ‘अंध’ होणे उच्चारशास्त्राला धरून आहे, हे मान्यच करावे लागते. तथापि सातवाहनांच्या स्वतःच्या लेखांत त्यांनी आपल्याला आंध्र म्हटलेले नाही, नाणेघाट आणि नाशिक येथील त्यांचे आरंभीचे लेख पश्चिम दख्खनचे आहेत, आणि ऐतरेय ब्राह्मणात शबर-पुलिंदांसोबत येणारे आंध्र हे लोक, पुराणांतील राजवंश आणि आजची मराठी बोलणारी जमात या तिघांमधील शतकांचा दुवा दाखवणारा एकही लेख उपलब्ध नाही. ध्वनिसाम्याने शक्यता सुचते, वंश सिद्ध होत नाही. आणि अश्मयुगीन छिलक्याशी आजच्या कोणत्याही एका समाजाचे नाव जोडणे तर त्याहून निराधार आहे, कारण दगडावर भाषा किंवा जात उमटत नाही. वंश जोडण्याच्या या आग्रहाने सर्वांत मोठा अन्याय आंधांवरच होतो, कारण राजवंशाचा शोध घेताना त्यांचे वरताळी आणि खालताळी हे विभाग, मोहाचा वेचा आणि रानातील कंदमुळांची त्यांची पारख यांची नोंद मागे पडते.

नदीही आता ती राहिलेली नाही. पूर्णा नदीवर १९६८ मध्ये येलदरी आणि गोदावरीवर १९७६ मध्ये जायकवाडी ही धरणे पूर्ण झाल्यावर नवी वाळू आणणारे पूर कमी झाले, त्यामुळे उपसलेली वाळू पूर्वीसारखी भरून येत नाही. वाळूत मुरून उन्हाळ्यापर्यंत टिकणारे पाणी आटले की काठच्या विहिरी खालावतात, मरळ आणि वाम ज्यांच्या आधाराने उन्हाळा काढत ते डोह उथळ होतात आणि पात्रातील डांगर-टरबुजांच्या वाड्यांना ओल उरत नाही. कोणत्या वळणावर कोणता डोह किती खोल होता आणि त्याला कोणते नाव होते, हे काठच्या वृद्ध भोई माणसांना अजून ठाऊक आहे. गंगाखेडपासून पूर्णा-गोदावरीच्या संगमावरील कंठेश्वरापर्यंतची ही नावे त्यांच्या हयातीतच नकाशावर उतरवून घेणे आवश्यक आहे.