फक्त व्ह्यू!

बडनेरा,
रविवार दुपार

चि. छकुली हिस,


ग्रुपवरचा तुझा फोटो पाहिला. आधी त्या कठड्यावरून खाली उतर, मग पुढचं वाच. तू म्हणशील, मामा, फोटो गेल्या आठवड्यातला आहे, मी केव्हाची पुण्याला पोचले. पोचली असशील. माझ्या फोनमध्ये तू अजून तिथंच उभी आहेस, दरीकडे पाठ करून, हात पसरून, आणि पायाखालच्या दगडांतला चुना कधीच धुऊन गेलेला. तुझ्या मामीनं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "हे पोट्टी अशी काहून उभी राह्यली व माय!" मग बसल्या जागेवरून अंबादेवीला हात जोडले.

तू विचारलंस एवढंच, की दिवाळीत आईला गाविलगडावर नेण्यासारखं आहे का. त्याचं उत्तर देतो, पण त्याआधी फोटोखालची तुझी ओळ. 'वर काहीच नाही, फक्त व्ह्यू आहे. चिखलदऱ्याचे पॉइंट बरे.' ही ओळ वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फक्त व्ह्यू! अगं, त्या व्ह्यूपायीच तर माणसांनी तीन-साडेतीन हजार फुटांवर दगड रचले. अहमदशहा बहमनीनं 1425 मध्ये किल्ला बांधला. फत्तेउल्ला इमादुल्मुल्कानं 1488 मध्ये तो डागडुजी करून भक्कम केला आणि पुढं दोन वर्षांत स्वतःच वऱ्हाडचा धनी झाला. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा पोरगा, लढाईत धरून आणलेला. दिल्ली दरवाज्यावर तिकडचाच दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि सिंह कोरलेत, ते पाहिलेस की त्याखालून फोनमध्ये मुंडी घालून गेलीस? तो बहरामचा बुरूज, बुर्ज-ए-बहराम, त्यावर फारसी लेख आहे. हिजरी 985, म्हणजे आपलं 1577. त्याच्या तीनच वर्षं आधी नगरच्या मुर्तजा निजामशहानं वऱ्हाड गिळलं होतं. नवा मालक आला की पहिलं काम हेच : बुरूज नीट करा, वर माणूस बसवा.

त्या वर बसवलेल्या माणसाबद्दल मला बोलायचंय. तुला माहीतच आहे, मी जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये घालवला. जिना चढून वर गेलं की समोर लिव्हरची रांग, तिन्ही बाजूंनी काचा, खाली भुसावळ-नागपूरचे रूळ आणि एका अंगाला अमरावतीचा फाटा. नवीन आलेला प्रत्येक पोरगा म्हणायचा, वा, इथून काय मस्त दिसतं! पहिल्या रात्रपाळीतच हौस फिटायची. जाणारी गाडी नुसती पाहायची नसते. चाकाशी ठिणगी उडते का, खाली काही लोंबकळतंय का, कुठला धुरा तापून धुमसतोय का, हे बघत हिरवी झेंडी धरून उभं राहायचं. आणि सगळ्यात शेवटी शेवटचा डबा. रात्री त्याचा लाल दिवा, दिवसा एल. व्ही.ची पाटी. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली. नाही दिसली तर मागचे डबे कुठंतरी सुटून रुळावरच उभे आहेत, आणि तू मागून दुसरी गाडी सोडलीस तर मेली माणसं. इंजिन तर कोणालाही दिसतं गं, पगार शेवटच्या डब्यासाठी मिळायचा. आता पॅनलवर बटणं दाबतात, ते असो.

उंच जागी चढलेल्या माणसानं नावं घ्यावीत, असं माझं मत आहे आणि ते कोणाला पटो न पटो. समोर काय आहे, उजवीकडे काय, डावीकडे काय. नावं न घेता नुसतं 'वॉव' करून खाली येणाऱ्याला वर जाऊच देऊ नये! तू जिथं उभी होतीस तिथून दक्षिणेला सगळं पयानघाट पसरलेलं असतं, पूर्णेचं खोरं. आग्नेयेला परतवाडा-अचलपूर, त्याच्या अंगाला संत्र्यांचे बगीचे. समोर पथ्रोट, अंजनगाव, आणखी पुढं दर्यापूर, सगळी काळी जमीन, कपाशी आणि तूर. डोंगरातून निघून खाली पूर्णेला मिळायला जाणारी चंद्रभागा. किल्ल्यावर पाण्याला तळी होती, पण दाणा खालूनच यायचा. किल्लेदार ज्यावर जगत होता ते सगळं तुझ्या पाठीमागं होतं, छकुली, आणि तू तोंड फोनकडे केलंस.

पाठीमागं म्हटलं म्हणून सांगतो. गाविलगड पडला कसा, शाळेत शिकवलं का? 1803 चं साल. 29 नोव्हेंबरला अडगावला (आपल्या तेल्हाऱ्याकडचं अडगाव) आर्थर वेलस्लीनं भोसल्यांची फौज मोडली आणि उरलेलं पायदळ गाविलगडावर चढलं. किल्लेदार बेनीसिंग. वेलस्लीचं वय चौतीस, म्हणजे तुझ्याएवढाच पोरगा, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. आतला किल्ला दक्षिणेला तोंड करून, जिथं कडा सर्वांत ताठ आहे. वेलस्ली त्या बाजूला येऊन ठाण मांडून बसला. बुरुजावरून पाहणाऱ्याला आणखी काय पाहिजे? शत्रू समोर, तंबू दिसताहेत, तोफा दिसताहेत, कड्यावर तर माकडही चढत नाही. आणि तिकडं कर्नल स्टीव्हन्सन अचलपुराहून मेळघाटात शिरला. रस्ता नव्हता, तो कापत गेला. जवळजवळ सगळ्या वाटेवर जड तोफा माणसांनी दोरानं ओढल्या, दऱ्यांत उतरवल्या, पुन्हा वर काढल्या. 7 डिसेंबरला निघालेला माणूस 12 ला किल्ल्याच्या उत्तरेला लबादा गावापाशी हजर. उत्तरेला डोंगर मागच्या पठाराला जोडलेला आहे, तिथून किल्ल्याला सपाटीची वाट आहे. तिकडचा बाहेरचा तट फोडला आणि 15 डिसेंबरला आत घुसले. आतल्या किल्ल्याच्या आड तरीही घळ होतीच. कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी भिंतीला शिड्या लावल्या, आत उड्या टाकल्या आणि दार उघडलं. बेनीसिंग दरवाज्याजवळ प्रेतांच्या राशीत सापडला. दोन दिवसांनी, 17 ला, देवगावचा तह. नागपूरकर भोसल्यांचं वऱ्हाड तिथं गेलं.

बेनीसिंग झोपलेला नव्हता, हे ध्यानात घे. उत्तरेला तट होताच, एक नाही, एकाबाहेर एक. पण समोर एवढं मोठं काही दिसत असलं ना, की पाठीकडचं दिसत असूनही नजरेत भरत नाही. माझ्या मतानं गाविलगडावर गेलेल्या माणसानं आधी अर्धा तास उत्तरेकडं तोंड करून बसावं. तिकडं काही दिसत नाही. सागाचं जंगल आणि चिखलदऱ्याचं पठार. म्हणूनच बसावं. तुमच्या पॉइंटवर काय, कठडा, मक्याचं कणीस, आणि एकाच दिशेला तोंड करून उभे शंभर लोक. आता तर हरिकेन पॉइंटापासून गोराघाटापर्यंत काचेचा स्कायवॉक काढलाय, म्हणजे पायाखालीही व्ह्यू!

आणि हो, तू लिहिलंस की नुसती पडझड आहे, 'मेंटेन केलं नाही'. ती आपोआप झालेली नाही. 1858 मध्ये इंग्रजांनीच किल्ला निकामी करून टाकला, तात्या टोपे सातपुड्यात येईल आणि तिथं दबा धरेल या धास्तीनं. ज्यांनी मागच्या बाजूनं किल्ला घेतला त्यांनाच पुढं मागच्या बाजूची भीती. पुढच्यांनीही काही केलं नाही हे खरं, पण निदान कोणाला काय म्हणायचं ते नीट म्हणावं.

तुझ्या आईला, आमच्या ताईला, विचार, तिला सगळी नावं येतात. बाबांनी आम्हां दोघांना मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीनं अचलपूरला नेलं होतं, तिथून वर. तेव्हा शकुंतलेला वाफेचं इंजिन होतं. बुरुजावर बसून ताई म्हणाली, मला गाडीचा धूर दिसला, तो बघ अंजनगावच्या अलीकडे. बाबा म्हणाले, कोणीतरी पऱ्हाट्या पेटवल्या असतील. यावरून त्या दोघांचं घरी येईपर्यंत चाललं होतं. आजही काढून बघ, ती धूरच म्हणेल. 

आता ताईला न्यावं का. न्यावं असं मला फार वाटतं, आणि तिथंच भीती वाटते. गुडघे तिचे, डॉक्टरनं जिना चढू नको म्हणून सांगितलेलं, आणि ती ऐकत नाही. दिल्ली दरवाज्यापर्यंत जाईल, पुढं पायऱ्या कुठं आहेत, कुठं नाहीत. दिवाळीत गवत कमरेएवढं असतं, त्यात दगडही दिसत नाही आणि साप-विंचूही. धुकं उतरलं तर हाताचं बोट दिसत नाही. आजूबाजूला व्याघ्रप्रकल्पाचं जंगल, ऊन कलायच्या आत गेटाबाहेर पडायचं. आणि एक तू लिहिलंच नाहीस : मोतीबिंदूचं झालं का? एका डोळ्याचं झालं एवढं कळलं होतं, दुसऱ्याचं ती पुढं ढकलते आहे असं तुझे बाबा म्हणत होते. लांबचं दिसतं का तिला आता? फोनवर विचारलं तर ती 'सगळं स्पष्ट दिसतं' म्हणते आणि विषय बदलते. वर्तमानपत्र वाचायला देऊन नको बघूस, तो जवळचा चष्मा झाला. गच्चीवर ने आणि लांबच्या टाकीवरचा आकडा वाचायला सांग. तिला कळू न देता. मग मला कळव. दुसऱ्या डोळ्याचं राहिलं असेल तर दिवाळीचं सोड, आधी ते करून घ्या, किल्ला कुठं पळून जात नाही.

तिकीट काढलंच असशील तर गाडी अमरावतीपर्यंत आहे की बडनेऱ्यालाच उतरायचंय ते नीट बघ, मागच्या वेळेसारखा गोंधळ नको. इथं गाडी फार थांबत नाही. सामान आधी उतरव, मग ताई. डबा नंबर आदल्या रात्री कळव, म्हणजे मी फलाटावर त्याच जागी उभा राहीन. बी.पी.च्या गोळ्या तिच्या पिशवीत नको, तुझ्या पर्समध्ये असू दे.

तुझा,
मामा

ता. क. मामी म्हणते तो फोटो ग्रुपवरून काढून टाक, ताईनं अजून मोठा करून पाहिलेला दिसत नाही.