गाडीची चेन आणि आमची वही

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांचे हिशेब लिहीत आलो आणि घरचे हिशेबही आपसूक आमच्याकडेच आले. पुतण्याने कर्ज काढून पिकअप घेतली तेव्हा जामीनदार म्हणून सही आमची, आणि गाडीच्या जमाखर्चाची वहीही आमच्याच हातात. आंब्याच्या दिवसांत कुडाळहून पेट्या भरायच्या, कणकवलीवरून फोंडा घाटाने कोल्हापूर गाठायचे, येताना भाजी आणायची. घरची पाच माणसे त्यावर.

ऐन सिझनमध्ये सकाळी गाडी चालू केली की पहिले काही क्षण इंजिनाच्या पुढल्या बाजूने खडखड ऐकू येऊ लागली. मग बंद. पुतण्या म्हणाला, "काका, मेस्त्रीक दाखवया काय?" आम्ही वही उघडली, हप्त्याची तारीख पाहिली आणि म्हणालो, "सिझन संपू दे."

पंधरा दिवसांनी मेस्त्रीच काही कामाने दारात आले आणि तो आवाज त्यांच्या कानी पडला. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावून दांडी त्यांनी कानाशी धरली. म्हणाले, "काका, चेन बोलता. आता गाडी हलवू नकात."

त्यांनी गॅरेजात समजावले ते असे. खाली क्रँक फिरतो, त्याने पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच व्हायला हवा, म्हणून वरच्या चक्राचे दात खालच्याच्या दुप्पट. निकोलाउस ऑटो यांनी 1876 मध्ये जर्मनीत चार टप्प्यांचे इंजिन चालवले, त्याचाच हा हिशेब. पुढे 1897 मध्ये यशस्वी ठरलेल्या डिझेल इंजिनातही तोच. दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. तिच्या पिना झिजल्या की ती लांबते. ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि रात्रभर उभ्या गाडीत तो दाब यायला थोडा वेळ लागतो. म्हणून आवाज सकाळीच. चेनने एखाद-दोन दात सोडले तर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो आणि अख्खे इंजिन खोलावे लागते. काही गाड्यांत चेनऐवजी रबरी पट्टा असतो. तो बहुधा न बोलताच तुटतो, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला तो बदलावाच लागतो.

पुढचे झाकण निघाले. चेन ज्यावरून घसरते त्या प्लास्टिकच्या पट्टीत खोल चरे पडले होते. तिचा एक तुकडा खाली ऑइल ओढणाऱ्या जाळीपाशी सापडला. जाळी तुंबली असती तर फोंडा घाटात काय झाले असते, हे मेस्त्रींनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

त्यांनी पुतण्याला विचारले, "ऑइल कधी बदललस रे?" तो आमच्याकडे पाहू लागला. काळ्या, जड ऑइलने चेन लवकर झिजते. आणि वहीतला ऑइलचा रकाना आम्हीच दोनदा कोरा ठेवून "पुढील महिना" असे लिहिले होते. बचत म्हणून! पोराने एका शब्दाने दोष दिला नाही. तेच जास्त लागले.

नुसती चेन बदलून भागत नाही. जुन्या दातांवर नवी चेनही लवकर खराब होते. चेन, चक्रे, पट्ट्या, टेन्शनर असा सगळा संच घेतला. दोन हप्त्यांएवढा खर्च आणि चार दिवस गाडी बंद. कबूल केलेल्या पेट्या दुसऱ्याच्या गाडीने पाठवल्या, त्या भाड्यात आमचा पगार गेला. वहिनींनी विचारले, पैसे कुठून आणले? आम्ही म्हणालो, वहीतूनच.

खुणा जुळवून नवी चेन चढवल्यावर मेस्त्रींनी गाडी लगेच चालू केली नाही. पान्याने क्रँक हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवला. कुठे अडले तर जोर लावायचा नाही, पुन्हा खोलायचे. अडले नाही. खुणा परत समोरासमोर आल्या. तेरीज जुळताना आम्हाला जो धीर येतो, तोच त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

पाचव्या दिवशी पहाटे पुतण्याने चावी फिरवली तेव्हा आम्ही अंगणात उभे होतो. आवाज नव्हता. त्याने खिडकीतून वही मागितली, ऑइल बदलल्याचे किलोमीटर स्वतःच्या हाताने लिहिले आणि वही परत न देता गाडी पेट्या भरायला नेली.