हरणाऱ्याने फोन उचलायचा

२५ फेब्रुवारी २०१२. लॉरेन्सच्या ॲलन फील्डहाउसमध्ये ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. कॅन्सस विद्यापीठातलं एम.एस.चं शेवटचं सत्र, आणि बास्केटबॉलच्या सामन्यात समोर मिझुरी. उत्तरार्धात आम्ही १९ गुणांनी मागे पडलो होतो. बरोबरी झाली, अगदी शेवटी थॉमस रॉबिन्सनने मिझुरीचा चेंडू बास्केटपाशी अडवला आणि सामना जादा वेळेत गेला. ८७-८६. बाहेर येताच दादाला फोन लावला.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो तेव्हा कोलंबियात, मिझुरी विद्यापीठात पीएच.डी. करत होता. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांच्या कोर्टवर ते ७४-७१ ने जिंकले, तेव्हा त्याचा फोन आला होता. हरणाऱ्याने फोन उचलायचाच, असं आमचं ठरलेलं.

"जिंकलीस गं," तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षी कुणाला फोन करणार?"

त्याच उन्हाळ्यात मिझुरी आमची बिग ट्वेल्व कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या संघांची साखळी, सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं. टीव्हीच्या पैशांभोवती तेव्हा सगळ्याच कॉन्फरन्सची फेरमांडणी चालली होती. १९०७ पासून चाललेला हा सामना वेळापत्रकातून गेला.

या वैराचं मूळ खेळाच्याही आधीचं. गुलामीच्या प्रश्नावरून दोन्ही राज्यांची सीमा पेटली होती. १८६१ मध्ये कॅन्ससच्या लोकांनी मिझुरीतलं ओसीओला जाळलं. १८६३ मध्ये मिझुरीतून आलेल्या क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्समध्ये दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले. त्या रक्ताची तुलना कशाशीच करू नये. पण पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉल सामन्याला अख्खं कोल्हापूर शाहू स्टेडियमकडे निघालेलं मी लहानपणापासून पाहिलंय. समोरचा संघ नसेल तर आपलाही अर्धाच उरतो, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे दोघांनाही कॅन्सस सिटीत नोकऱ्या लागल्या. तो स्टेट लाइन रोडच्या मिझुरीकडच्या अंगाला, मी कॅन्ससकडच्या. फोन व्हायचे, पण व्हिसाचे, मामीच्या गुडघ्यांचे. भांडायला काही उरलं नव्हतं. २०१७ मध्ये वादळग्रस्तांच्या मदतीसाठी आमच्याच शहरात एक प्रदर्शनी सामना झाला, तेव्हा पहिल्यांदा शेजारी बसून पाहिला.

खरा सामना परतला तो ११ डिसेंबर २०२१ ला, पुन्हा ॲलन फील्डहाउसमध्ये. आम्ही १०२-६५ ने जिंकलो. दादाने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

तरी पूर्वीचं ते पूर्वीचं. तेव्हा हंगामात निदान दोनदा गाठ पडायची, एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. हरलो तरी उट्टं काढायला काही आठवडेच थांबायचं, आणि त्यावर कॉन्फरन्सचं विजेतेपद ठरायचं. आता डिसेंबरात एक दिवस, मग वर्षभर वाट. माझं मागणं एवढंच, की तो एक दिवस तरी आता कुणी काढून घेऊ नये. आणि सामना विद्यापीठांच्याच कोर्टवर व्हावा, जिथे पोरं तासन्‌तास रांग लावतात.

८ डिसेंबर २०२४ ला दादाने मला कोलंबियाला नेलं. आम्ही तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. चहूकडे काळा-पिवळा रंग, त्यात माझा निळा स्वेटर. ७६-६७, हरलो. तो गलका कानांत घुमत असतानाच पर्समध्ये फोन थरथरला. शेजारच्या खुर्चीवर दादा कानाला फोन लावून समोर बघत बसला होता.

मी उचलला.