घेरी
गेल्या वैशाखात बालाघाटास पुतणीच्या लग्नात, मंगलाष्टके चालू असता, आमच्या वहिनींना घेरी आली. कन्यादानासाठी सकाळपासून उपाशी, त्यात कितीतरी वेळ एका जागी उभ्या. चेहरा पांढराफटक पडला, कपाळी घाम सुटला आणि त्या कोसळल्या. कुणी कांदा हुंगवावयास धावले. आम्ही मोठ्या मायेने त्यांना उचलून खुर्चीवर बसविले. त्या पुन्हा कलंडल्या.

चूक आमचीच. फार वेळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचते, उकाड्याने रक्तवाहिन्या सैलावतात. अशात मज्जातंतूंच्या उलट्या इशाऱ्याने हृदयाचे ठोकेही मंदावले, की मेंदूस क्षणभर रक्त पुरत नाही. आडवे होताच ते परतते. म्हणजे पडणे हाच शरीराचा उपाय, आणि आम्ही तोच मोडून काढला! एका वृद्ध आत्याबाईंनी त्यांना सपाट निजवून पायांखाली लोड सरकविला, तेव्हा मिनिटभरात वहिनींनी डोळे उघडले.

श्रम करताना, छातीत दुखून वा धडधडून आलेली घेरी मात्र निराळी. तीत डॉक्टरांकडे नेण्यास विलंब नको. भरवेलीच्या आमच्या काकांना जिना चढता चढता अशी घेरी आली होती. तीही आम्ही उन्हाचीच समजलो.